ज्या घरी 'येते' म्हणत नाहीत

एकदा एका तरुण प्राध्यापिकेवर अभ्यासक्रम आखण्याची जबाबदारी येऊन पडली. येऊन पडली असेच म्हणायला हवे. कारण ती तिने मागितली नव्हती, आणि विभागात ती सर्वांत धाकटी होती. महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी साहित्याची ओळख आणि लेखनाचा सराव असा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नव्याने बांधायचा होता. कोणत्या कथा, कोणत्या कविता, कोणत्या क्रमाने, मुलांनी स्वतः काय लिहायचे, हे सारे जून उजाडण्यापूर्वी ठरायला हवे होते.

तिच्या घरी नुकतेच रांगू लागलेले मूल होते. रांगणाऱ्या मुलाची आई घरात वावरताना काय पाहते? टेबलाचे कोपरे, प्लगची भोके, फरशीवर सांडलेला एखादा शेंगदाणा. घर तिला दिसतच नाही, नुसते धोके दिसतात. तिने अभ्यासक्रमही त्याच नजरेने आखला.

तसे करायला कारण घडले होते. त्या वर्षी माघात तिच्या वर्गातली तेजस्विनी नावाची मुलगी तापाने गेली. ताप डोक्यात गेला, असे लोक म्हणाले. भिंतीकडेच्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी, पण कथा वाचताना तोंड किंचित उघडे ठेवून ऐकणारी मुलगी. तिच्या शेवटच्या तासाला वर्गात एक कथा चालली होती. धरणात गाव बुडालेल्या एका म्हातारीची कथा. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले, की तिच्या जुन्या घराचे जोते उघडे पडे. मग म्हातारी नव्या वसाहतीतून केरसुणी घेऊन चालत येई, जुने अंगण झाडून काढी आणि परत जाई. पावसाळ्यात सगळे पुन्हा पाण्याखाली. सून हसे. 'पाण्यात जायचं अंगण झाडून कुणाला दाखवायचंय?' म्हणे. कथा एवढ्यावर आली आणि तास संपला.

"उरलेली सोमवारी," प्राध्यापिका म्हणाली होती.

सोमवारी तेजस्विनी आली नाही. पुढे ती कधीच आली नाही. ती कथाही त्या वर्गात पुढे गेली नाही. मुलांनी विचारले नाही आणि हिने ते पुस्तक उघडले नाही. कथेच्या शेवटी म्हातारी मरते, हे वर्गात एकटीला हिलाच ठाऊक होते.

म्हणून नव्या आराखड्यात तिने खबरदारी घेतली. प्रवासवर्णन घेतले, विनोदी लेख घेतले, पानाफुलांच्या कविता घेतल्या. मुलांनी लिहायचे ते जाहिरात, मुलाखत, नोकरीसाठी अर्ज आणि 'माझा आवडता ऋतू'. ज्या कथेत कोणी आजारी पडत होते ती तिने वगळली. एका कथेत एक माणूस नुसता बसस्थानकावर उभा राहून हात हलवत होता. तीही, उगीच जोखीम नको म्हणून, वगळली. म्हातारीची कथा तर सर्वांत आधी गेली.

विभागप्रमुखांनी आराखडा चाळला आणि म्हणाले, "छान. सकारात्मक आहे."

तरी तिच्या मनाला स्वस्थता नव्हती. कुलूप लावून जिना उतरल्यावर गॅस बंद केला की नाही असे वाटत राहावे, तसे काहीतरी राहिल्यासारखे वाटत होते. अखेर एका दुपारी मुलाला सासूबाईंकडे ठेवून ती आपल्या जुन्या बाईंकडे गेली.

बाई म्हणजे तिच्या गुरू. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या एकट्याच राहत. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे आता स्वतः शिकवू लागली होती, पण अडले की त्यांच्याच पायऱ्या चढत. बाईंनी चष्मा पुसला, आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चहाचा पेला रिकामा केला आणि विचारले,

"यात कोणी मरत नाही?"

"मुद्दामच नाही, बाई."

"बरं. कोणी घर सोडून जातं का?"

"एक जण जातो."

"कुठं?"

"सहलीला."

बाई हसल्या नाहीत. कागद घडी घालून त्यांनी तिच्या हातात परत दिले. "त्या मुलीच्या घरी गेली होतीस?"

कोणत्या मुलीच्या, हे विचारण्याची गरज नव्हती. प्राध्यापिका म्हणाली, "नाही जमलं. म्हणजे, सासूबाई म्हणाल्या, अंगावर पिणारं मूल असताना बाईनं दुखवट्याच्या घरी पाऊल ठेवायचं नसतं. बाळाला बाधतं."

"तुझ्या सासूबाईंचं तू कधीपासून ऐकायला लागलीस?"

सासूबाईंचे गुटीचे, धुरीचे, पाळण्याखाली लोखंड ठेवण्याचे सगळे म्हणणे तिने शिकलेल्या बाईच्या थाटात उडवून लावले होते. एवढे एकच तिने निमूट पाळले होते, कारण ते तिच्या सोयीचे होते.

"चप्पल घाल," बाई म्हणाल्या.

"आत्ता? बाई, मी काय बोलणार तिथं?"

"लेखनाचा एवढा अभ्यासक्रम आखलास. असेल की त्यात कुठंतरी."

तेजस्विनीचे घर दोन खोल्यांचे होते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर चादर टाकलेली. तेजस्विनीची आई भिंतीला टेकून बसली होती. माहेरी आलेली आत्या तांदूळ निवडत होती. तिने दाराकडे पाहिले आणि म्हणाली, "वहिनी, कालिजातल्या मॅडम आल्यात. आन् संगं कोन बाई हायेत."

पाणी आले. दोघी सतरंजीवर बसल्या. समाचाराला गेल्यावर बोलतात तेच बोलणे झाले. ऊन फार आहे. टँकर वेळेवर येत नाही. धाकट्याची दहावी पुढच्या वर्षी. पंखा फिरत होता. चार बायका त्या खोलीत बसल्या होत्या, आणि ज्या नावासाठी बसल्या होत्या ते नाव एकीच्याही तोंडून निघत नव्हते. प्राध्यापिकेने घड्याळाकडे पाहण्याचा मोह आवरला; बाळाची दुधाची वेळ होत आली होती.

तेवढ्यात तेजस्विनीची आई म्हणाली, "मॅडम, त्या म्हातारीचं म्होरं काय झालं?"

"कोणत्या?"

"ती धरणातली. अंगण झाडायला येती ती."

प्राध्यापिका सतरंजीवर सावरून बसली.

"रोज सांगायची तेजू," आई म्हणाली. "मी भाकरी थापायची, ती चुलीम्होरं बसायची आन् कालिजात काय वाचलं ते सांगायची. मला कुठं वाचाय येतंय. तिच्या तोंडनंच सगळं. ही गोष्ट अर्धीच सांगितली. म्हणली, आई, सोमवारी कळंल. दवाखान्यात मीच तिला म्हणायची, बरी हो बाई लवकर, म्हातारीचं काय झालं ते सांगायचं राहिलंय तुझं." ती थांबली. "वर्गात सांगितलं आसंल तुमी. मला कोन सांगनार मग."

वर्गातही सांगितले नव्हते, हे प्राध्यापिका बोलली नाही. समोर मुलगी गेलेली आई बसली होती, आणि कथेच्या शेवटी मरण होते. टेबलाचा कोपरा दिसल्यावर आईचा हात जसा आपोआप आडवा जातो, तसे तिच्या तोंडून निघाले,

"सुनेनं मग नव्या घरापुढंच अंगण करून दिलं म्हातारीला. शेणानं सारवलेलं. मग ती तिथंच झाडायची. धरणाकडं जायची गरजच उरली नाही. सुखानं राहिली."

तेजस्विनीच्या आईने तिच्याकडे काही वेळ पाहिले. रागाने नव्हे. एखाद्या पोराने खोटे सांगितल्यावर आई पाहते तसे.

"आसं नसंल, मॅडम. तेजू म्हणली होती, म्हातारी चढाला थांबत थांबत येती. खोकती. गोष्टीतली म्हातारी उगंच खोकत नसती."

"वहिनी, जाऊ द्या की आता," आत्या म्हणाली. "कशाला तसलं..."

"तुमी गप बसा, वन्सं. मॅडमला सांगू द्या."

प्राध्यापिकेने बाईंकडे पाहिले. बाई पंख्याकडे पाहत होत्या. तिकडून काही मदत येणार नव्हती. ती तेजस्विनीच्या आईकडे वळली.

"त्या पावसाळ्यात म्हातारी गेली," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं, तेव्हा सून एकटीच तिथं गेली. कशाला, ते तिलाही कळत नव्हतं. जोतं उघडं पडलं होतं. अंगणात गाळ वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. सून नुसती उभी राहिली. केरसुणी तिनं आणलीच नव्हती. मग तिनं जवळच्या तरवडाच्या दोन फांद्या मोडल्या, एकत्र धरल्या आणि अंगण झाडायला लागली. गोष्ट इथंच संपते."

आत्याचा तांदळातला हात थांबला.

"हसायची ना ती सून?" तेजस्विनीच्या आईने विचारले.

"हसायची."

"आन् झाडलं तिनंच."

"तिनंच."

आईने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती हुंदका दाबत राहिली, मग दाबेनाशी झाली. माघापासून ती कोणापुढे रडली नव्हती, हे आत्याने नंतर सांगितले. "तेजूला आवडलं आसतं," आई म्हणाली. "म्हणली आसती, आई, मी म्हणलं नव्हतं का, त्या सुनंचंच कायतरी आसनार म्हणून." आणि मग ती तेजूविषयी बोलू लागली. लहानपणी खडू खायची ते. भावाच्या वाटणीचे शेंगदाणे चोरून आळ त्याच्यावरच आणायची ते. वाढदिवसाला शिवलेला निळा ड्रेस जपून ठेवला, घातलाच नाही, ते. आत्याही मध्ये बोलू लागली. एकदा तर दोघी हसल्यासुद्धा, आणि हसल्याबद्दल लगेच गप्प झाल्या.

उन्हे कलली तेव्हा बाई उठल्या.

आपल्याकडे निरोप घेताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. पण दुखवट्याच्या घरातून निघताना तेही म्हणायचे नसते. त्या घरी अशा कारणाने पुन्हा येण्याची वेळ येऊ नये, म्हणून काहीच न बोलता, मागे न पाहता उठून जायचे, ही रीत. प्राध्यापिका रीतीप्रमाणे खाली मान घालून उंबरा ओलांडून गेली. बाई मात्र उंबऱ्यावर थांबल्या, मागे वळल्या, आणि शेजारणीकडून निघावे तशा सहज म्हणाल्या,

"येते हं."

आत्याच्या हातातले सूप तसेच राहिले. "बाई, हितं येते म्हणत नसत्यात. यवढ्या शिकल्यासवरल्या तुमी."

"ठाऊक आहे हो मला," बाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्या.

तेजस्विनीची आई दारात येऊन उभी राहिली. तिने 'या' असे उत्तर दिले नाही. पण दार लावूनही घेतले नाही.

दोघी कोपरा वळल्या. मग प्राध्यापिकेला राहवेना. "बाई, असं कसं म्हणालात? त्यांचा धाकटा मुलगा आहे अजून घरात. त्यांच्या मनाला काय वाटलं असेल?"

बाई चालता चालता थांबल्या. रस्त्याकडेला एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर त्या बसल्या.

"माझा मुलगा गेला तेव्हा तू माझ्या वर्गात अजून यायची होतीस," त्या म्हणाल्या. "खूप लोक आले होते. जो तो रीतीप्रमाणे बसला आणि रीतीप्रमाणे न बोलता उठून गेला. त्या रीतीत वाईट काही नाही. मरणाला पुन्हा बोलावणं जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. पण मी आत बसून ऐकत होते ना. मला ऐकू यायचं ते निराळंच. माणसामागून माणूस उठत होतं, आणि कोणीही 'येतो' म्हणत नव्हतं. आणि खरंच, तेरावं झालं आणि दार वाजेनासं झालं. जे भेटत ते माझ्यासमोर त्याचं नाव घेत नसत. दयेनंच घेत नसत. त्या दयेनं तो दुसऱ्यांदा गेला."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"कपाटात पुस्तकं होती. वर्षानुवर्षं शिकवून गुळगुळीत झालेली. त्यांच्यातली माणसं मरत होती, आणि मागं राहिलेली माणसं त्यांची नावं घेत होती, भांडत होती, अंगणं झाडत होती. त्या दिवसांत तीच माझ्याकडं येत राहिली. तू तुझ्या आराखड्यातून नेमकी तीच काढून टाकलीस. तुला वाटतं, आपण मुलांना दुःखापासून राखतो आहोत. दुःखाला आराखडा लागत नाही, बाळ. ते त्यांच्या घरी आपल्या वेळेला जाणार. त्या वेळेला त्यांच्याकडं कोण जाईल, एवढंच आपल्या हातात असतं."

प्राध्यापिका पायरीवर त्यांच्याशेजारी बसली.

"आणि तो शेवट बदलत होतीस, तो कोणासाठी? तिला सोसला नसता म्हणून?"

"हो."

"तिनं तर मागून घेतला."

एवढे बोलून बाई उठल्या. पुढे घरापर्यंत त्या टँकरविषयी बोलत होत्या.

सुट्टी संपण्यापूर्वी आराखडा पुन्हा विभागप्रमुखांच्या टेबलावर गेला. बसस्थानकावर हात हलवणारा माणूस परत आला होता. पहिल्याच आठवड्यात म्हातारीची कथा होती. ती एका तासाला अर्धीच वाचायची आणि उरलेली पुढच्या तासाला, असे कंसात लिहिले होते. लेखनाच्या सरावात 'माझा आवडता ऋतू' खोडून त्याजागी दोनच वाक्ये होती. 'ही अर्धी गोष्ट आज घरी कोणाला तरी सांगा. त्यांनी काय विचारले, ते लिहून आणा.'

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिले. "सुरुवातीलाच मरण, मॅडम?"

"ते शेवटी आहे, सर. सुरुवातीला झाडणं आहे."

"मुलांच्या मनावर काही परिणाम झाला तर?"

"व्हावा असंच वाटतं," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराने दचकली.

"बघू, अभ्यासमंडळ काय म्हणतं," ते म्हणाले. मंडळ काय म्हणेल याची तिलाही खात्री नव्हती. ती तशी खात्री वाटणाऱ्यांपैकी नव्हतीच.

त्यानंतरच्या एका रविवारी ती पुन्हा त्या दोन खोल्यांच्या घरी गेली. या वेळी बाई बरोबर नव्हत्या. मूल कडेवर होते. निघताना तिने त्याच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावला होता. असल्या गोष्टींवर विश्वास नसतो, आणि तरी काजळाची डबी पर्समध्ये असते, हे लहान मुलांच्या आयांना समजावून सांगावे लागत नाही.

आत्या सासरी परत गेली होती. मशीनवरची चादर काढलेली होती आणि सुईखाली एक ब्लाउज अर्धा शिवून ठेवलेला होता. मूल सरळ मशीनच्या पायडलकडे रांगत निघाले. प्राध्यापिका उठायच्या आत तेजस्विनीच्या आईने त्याला उचलले आणि मांडीवर घेतले. मांडी सवयीने हलू लागली. मग मध्येच थांबली. मग पुन्हा हलू लागली.

"आज कुठली गोष्ट?" तिने विचारले.

प्राध्यापिकेने बसस्थानकावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. तीत कोणी मरत नाही, पण जो जातो तो परतही येत नाही. तेजस्विनीच्या आईने मध्ये मध्ये प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचे उत्तर प्राध्यापिकेला आले नाही. तिने तसे सांगून टाकले.

संध्याकाळी ती मुलाला कडेवर घेऊन उंबऱ्यापाशी आली. तिला सासूबाई आठवल्या, आत्याच्या हातातले सूप आठवले. या घराला अजून वर्ष व्हायचे होते. ती वळली.

"येते," ती म्हणाली.

तेजस्विनीची आई उठून दारापर्यंत आली. मुलाच्या तळपायावरचे काजळ फिसकटले होते, ते तिने बोटाने नीट गोल केले.

"या," ती म्हणाली.